मालक समोर पाहिजे

डिलीट या शब्दावर आपाचा काडीचाही विश्वास नव्हता. कोणी दुकानात येऊन म्हणालं की, "आपा, सगळं डिलीट केलंय, आता नुसता डबा आहे, घेऊन टाका," की ती गॉगल कपाळावर सरकवायची आणि स्टूल पुढे ढकलायची. "बस. मालक समोर पाहिजे." तिच्याकडे जुना कॉम्प्युटर टाकून हात झटकून निघून जाता येत नसे. त्यातली हार्डडिस्क बाहेर निघेपर्यंत मालकानं बसायचं, आणि ड्रिल मशीनचा दांडा त्यानं स्वतःच्या हातानं खाली ओढायचा. एका डिस्कला तीन भोकं, तीही आरपार. घाई असेल तर डबा उचलून परत न्यायचा. यवतमाळातले वकील, डॉक्टर, हेडमास्तर मी त्या स्टुलावर बसलेले पाहिलेत. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे सगळेच जरा डुगडुगत बसायचे.

एका डॉक्टरनं एकदा वैतागून विचारलंच, की बाई, तुम्ही पाडा ना भोकं, माझं इथं काय काम? आपा म्हणाली, "मयताले घरचं माणूस लागते का नाही? मग याले नाही लागत का?" दवाखान्यात चार माणसांवर ओरडणारा माणूस, पण इथं दांडा दोन्ही हातांनी धरून ओढला बिचाऱ्यानं.

दुकान कळंब चौकातून आत गेलं की दुसऱ्या गल्लीत. मुळात ते तिच्या नवऱ्याचं, रहीमभाईचं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या आणि रहीमभाई त्यांत नवी तार भरून द्यायचे. पुढे त्यांची कंबर गेली. ते दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारू लागले, आणि आत आपा उभी राहिली. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई. मोटारी बघता बघता टीव्ही उघडायला लागली, टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आली. ओढणी डोक्याभोवती घट्ट आवळून, वर गॉगल चढवून ती मशीनपाशी उभी राहिली की गल्लीतली पोरंही आवाज कमी करायची. जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, मेमरी, तांब्याची तार, जे विकण्यासारखं असेल ते ती विकायची. डिस्क मात्र कधीच नाही. एकानं चांगल्या चालू डिस्कसाठी हुज्जत घातली, तर त्याला रस्त्यापर्यंत सोडून आली.

मी त्या दुकानात कसा, ते सांगतो. मी इथल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात कारकून. केंद्राचे कॉम्प्युटर म्हणजे सगळे दान मिळालेले, आठवड्याला एक बसायचा. तो स्कूटीच्या पायाशी ठेवून आपाकडे न्यायचं काम माझ्याकडे. ती काम करायची, मी स्टुलावर डुगडुगत बसायचो आणि तिच्या शिव्या ऐकायचो. मला ती 'भाऊ' म्हणायची आणि अरेतुरे करायची. मी तिला अहो-जाहो करायचो. वयानं ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, आणि धाकानं पन्नास.

तिची एक खोडी होती. 'फॉरमॅट मारलाय' असं छातीठोकपणे सांगणारा कोणी आला की ती चहा सांगायची आणि त्याची डिस्क आपल्या मशीनला जोडायची. चहा येईपर्यंत त्या रिकाम्या डिस्कमधून एकेक फाइल वर यायला लागायची. एका कोचिंग क्लासचे सर असेच आले होते. मीच कॉम्प्युटर शिकवतो, मला काय सांगता, असा आव. चहाचा पहिला घोट घेतला आणि पडद्यावर सर प्रकट झाले. काळा गॉगल, दुसऱ्याच्या बुलेटवर टाकलेला एक पाय, केसांना ताजा कलप. सरांना ठसका लागला. आपानं लगेच पडदा बंद केला. "एक दाखवते मी. दुसरं पाहत नाही," ती म्हणाली, आणि खरंच पाहिलं नाही. आम्हाला पाहायचं होतं, पण तिनं तार काढून घेतली. दारावरची पाटी काढली म्हणजे घर रिकामं होते का, हे तिनं सरांना विचारलं आणि सर मुकाट्यानं ड्रिलपाशी गेले.

लोक काय काय युक्त्या घेऊन यायचे! कोणी स्पीकरचा लोहचुंबक डिस्कवर तासभर घासून आणायचा. कोणी पाण्यात बुडवून. एकानं चक्क चुलीत घातली होती, वरचं स्टिकर जळलं, आतलं सगळं शाबूत. नव्या डिस्का आल्या, ज्यांत फिरणारी चकती नसते, नुसत्या काळ्या चिप असतात, तेव्हा आपानं पहिल्या दोन नेहमीसारख्या मधोमध भोसकल्या. मग रात्रभर तिला चैन पडलं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी तिनं त्या उघडून पाहिल्या, तर एक चिप भोकाच्या शेजारी आरामात बसलेली. तिनं त्या माणसाला फोन करून परत बोलावलं, चूक कबूल केली आणि त्याच्यासमोर एकेक चिप हातोडीनं फोडली. मोठ्या झेरॉक्स मशीनच्या पोटातही डिस्क असते आणि तुम्ही काढलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात पडून राहतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तेव्हापासून मी झेरॉक्सवाल्याकडे आधार कार्ड देताना जरा घुटमळतो.

हे वेड तिला उगाच लागलेलं नव्हतं. पूर्वी तीही सगळ्यांसारखीच फॉरमॅट मारून कॉम्प्युटर विकायची. एका फोटो स्टुडिओचा असाच विकला. घेणाऱ्यानं त्यातले जुने फोटो उकरून काढले, आणि त्यात बोरी अरबच्या एका मुलीचे, साखरपुड्याआधी काढलेले फोटो होते. साधेच फोटो, साडी नेसून काढलेले. पण त्यांच्याखाली काहीबाही लिहून ते मोबाइलवर फिरले. साखरपुडा मोडला. मुलीचं कॉलेज बंद झालं. आपाला हे कळायला महिना लागला. कळल्यावर ती एसटीनं बोरी अरबला गेली, घर शोधत. दारात मुलीची आई उभी. आपानं सांगितलं, की तो कॉम्प्युटर मी विकला, चूक माझी आहे. त्या माउलीनं ना शिवी दिली ना आत बोलावलं, नुसतं दार लावून घेतलं. आपा त्या दारासमोर बराच वेळ उभी होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पाठमोरी उभं राहून. परत आल्यावर तिनं नवऱ्याचं ड्रिल मशीन मधल्या खोलीतून पुढे आणलं.

आता माझी गोष्ट. तिच्याशिवाय आपाची गोष्ट पुरी होत नाही, आणि मी आता ती कुणापासून लपवतही नाही.

आमच्या केंद्राचे जे डॉक्टर संस्थापक होते ते वारले आणि नवे सचिव आले. माणूस कडक इस्त्रीचा. त्यांनी आल्या आल्या नवे कॉम्प्युटर घेतले, ते चांगलंच केलं. जुने आठ निर्लेखनात काढले. निर्लेखन म्हणजे, ही वस्तू आता आमच्या कामाची नाही असं कागदावर लिहून तिला निरोप देणं. निरोप कुठे, तर शहरातल्या एका होतकरू पुढाऱ्याकडे. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा नगरपालिकेला उभे राहणार होते आणि त्याआधी त्यांना वॉर्डात मोफत कॉम्प्युटर वर्ग काढायचा होता. सचिवांनी आठही डबे 'जसे आहेत तसे' द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, साहेब, त्यात पेशंटची माहिती आहे. ते म्हणाले, मग डिलीट करा की, तुम्हाला पगार कशाचा देतो?

त्या आठ डब्यांत अकरा वर्षांचे पेशंट होते. आमच्याकडे माणूस भरती होताना समुपदेशक त्याच्यासमोर बसतो आणि सगळं विचारून टाइप करून घेतो. किती पितोस, कुणाला मारलंस, घरातलं काय विकलंस, मरायचा प्रयत्न कधी केलास. माणूस सांगतो, कारण आम्ही त्याला सांगितलेलं असतं की हे इथंच राहील. हे वाक्य नंतर नंतर मीच सांगायचो, फॉर्म पुढे सरकवताना. त्यात मास्तर होते, एसटीचे ड्रायव्हर होते, पोलीस होते, कुणाचे जावई होते. दादांच्या विरोधात उभे राहणारे किंवा त्यांचे भाऊबंदही असणार. मी दोन दिवस बसून एकेक फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, वरून फॉरमॅट मारला. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आपाचा सहवास वाया गेला नव्हता म्हणायचा. एका रविवारी आठही डिस्का काढल्या, भाजीच्या पिशवीत घातल्या आणि तिच्याकडे गेलो. मनात होतं, की ती तपासून म्हणेल, हो भाऊ, साफ आहेत.

तिनं एक जोडली. चहाही सांगितला नाही. थोड्या वेळानं पडद्यावर नावांची यादी उतरायला लागली, आणि वरून चौथं नाव माझं होतं.

होय, मी तिथला पेशंट होतो. आधी पेशंट, मग झाडूवाला, मग कारकून. डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं होतं. ते गेल्यावर ही गोष्ट माहीत असणारं केंद्रात कोणी उरलं नव्हतं. बायकोला माहीत होतं अर्थात. पण त्या फाइलमध्ये जे होतं ते तिलाही माहीत नव्हतं. भरती होण्याच्या तीनेक वर्षं आधीची गोष्ट, आम्ही घाटंजीला राहायचो. माझी पूनम पाच वर्षांची. बाजाराच्या दिवशी तिला घेऊन गेलो, बांगड्यांच्या दुकानापाशी उभी केली, इथंच थांब म्हटलं, आणि प्यायला गेलो. आलो तेव्हा बाजार उठत होता. घरी सांगितलं, की गर्दीत हात सुटला, पण शोधली. बायको त्या दिवसापासून मला पोर शोधून आणणारा बाप समजत होती. मी तसाच समजू दिला. समुपदेशकाला मात्र खरं सांगितलं होतं, आणि त्यानं ते टाइप केलं होतं. माझी नोकरी गेली असती तरी चाललं असतं मला. पण पूनमला ते कळलं तर काय, या एका भीतीनं मी इतकी वर्षं झोपेतसुद्धा सावध होतो.

आपानं माझं नाव वाचलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. तिनं पडदा बंद केला. मग विचारलं, या डिस्का कोणाच्या? मी म्हटलं, संस्थेच्या. मग संस्थेची चिठ्ठी आण, ती म्हणाली. मी सचिवांचं, दादांचं सगळं सांगितलं. तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"डबा संस्थेचा," ती म्हणाली, "आतली नावं कोणाची?"

"पेशंटची."

"मग मालक ते. त्याईतला कोणी आहे का इथं हजर?"

तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं, आणि खाली पाहत राहिली, म्हणजे मला नाही म्हणायचं असेल तर म्हणता यावं. अकरा वर्षांत कुणापुढे न उच्चारलेलं मी त्या गल्लीत, मोटारींच्या ढिगाशेजारी उच्चारलं.

"मी आहे, आपा."

"मग सही कर. मालक म्हणून."

तिची एक लांबट वही होती. प्रत्येक डिस्कचा नंबर आणि पुढे मालकाची सही. तिथं मी आठ वेळा सही केली, आणि मालकाच्या रकान्यात तिच्या सांगण्यावरून 'पेशंट' असं लिहिलं. मग दांडा ओढला. आठ गुणिले तीन, चोवीस वेळा. अॅल्युमिनियमचा पांढरा कीस माझ्या शर्टावर उडाला. शेवटच्या डिस्कच्या वेळी मी थांबून तिच्याकडे पाहिलं, तर तिनं दांड्याला हात लावला नाही. म्हणाली, तूच ओढ.

इथपर्यंत सगळं ठीक. पण मी कारकून आहे, आणि कारकुनाची अक्कल कुठे चालेल सांगता येत नाही. आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात खुर्ची, पंखा, कॉम्प्युटर, आतली डिस्क, सगळ्याचे नग लिहिलेले. निर्लेखनाच्या वेळी नग कमी भरला तर कारकून लटकतो. वस्तू मोडकी चालते, जळकी चालते, पण नग पाहिजे. तेव्हा मी काय करावं? त्या भोकं पाडलेल्या आठही डिस्का परत डब्यांत बसवल्या. चारही स्क्रू लावून, अगदी व्यवस्थित. रजिस्टरमध्ये लिहिलं, हार्डडिस्क, नग आठ, आणि निर्धास्त झालो. आपाला हे नंतर कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा, पुरलेलं माणूस उकरून पंगतीत बसवलं रे यानं," असं ती रहीमभाईंना सांगत होती आणि दोघं पोट धरून हसत होते. मला अजून वाटतं की रजिस्टरच्या दृष्टीनं माझं बरोबर होतं.

दादांच्या वर्गाचं उद्घाटन झालं, रिबन कापली, आणि आठपैकी एकही डबा सुरू झाला नाही. त्यांच्या माणसानं एक उघडला. पुढचं सांगायला नको. यवतमाळात तसली तीन भोकं कुठे पडतात हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. सचिवांनी बैठक बोलावली. संस्थेच्या मालमत्तेची नासधूस, चोरीचा माल, पोलिसात तक्रार, असे सगळे शब्द असलेलं पत्र आपाच्या दुकानी गेलं, की वही घेऊन हजर राहा. कुणी आणून दिलं ते त्यांना वहीतून पाहायचं होतं. संशय माझ्यावर होताच, पण पुरावा नव्हता.

मी धावत तिच्याकडे गेलो. म्हटलं, आपा, ते पान फाडून टाका. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरकलो. पान फाडणं म्हणजे आपण चूक केली असं कबूल करणं, असं तिचं म्हणणं. ती वही फाडणारही नव्हती आणि दाखवणारही नव्हती. मला तिनं बजावलं, की तू गप बसजो, तुयी नोकरी आहे, मायं काय जाते.

बैठकीला सचिव, दोन विश्वस्त आणि एका कोपऱ्यात मी, चहा-पाण्याला. आपा काळा बुरखा घालून आली, वही कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. सचिवांनी वही मागितली. नाही दाखवत, म्हणाली. चोरीचा माल घेतला म्हणून लिहून देऊ का पोलिसांत? द्या, म्हणाली. मग त्यांचा आवाज चढला, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? तेव्हा ती सावकाश बोलली. आवाज न चढवता, त्यांच्याच टेबलाकडे बोट करून.

"साहेब, एकच सांगा. ते डबे दादाले कोरे द्याचे होते का भरलेले? कोरे द्याचे होते, त मी कोरेच करून देल्ले. भरलेले द्याचे होते, त तसं कागदावर लिहून द्या. मग ही वही घ्या."

एका विश्वस्तांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सचिव लाल झाले होते, आणि माणूस रागावला की जे मनात असतं ते बोलतो. म्हणाले, असं काय मोठं होतं त्यात? दारुड्यांची नावं. दारुड्यांना कसली आली अब्रू?

मला गप बसायला सांगितलं होतं. मी बसलोही असतो. पण मी त्या बाईकडे पाहिलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून, चोर म्हणवून घेत, ती माझी सही झाकून बसली होती. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो मी सचिवांच्या कागदांवरच ठेवला.

"त्यात माझं नाव होतं साहेब," मी म्हणालो. "वरून चौथं. मी इथलाच दारुडा आहे. डिस्का मी नेल्या, भोकं मी पाडली, चोवीस. माझं सांगायचं तर मी चौकात उभा राहून सांगेन. बाकीच्यांचं एक अक्षर तुम्हाला मिळणार नाही."

चष्मा पुसणाऱ्या विश्वस्तांनी विषय बंद करू म्हटलं आणि तो बंद झाला. माझ्याकडे मागाहून राजीनामा मागितला. मी दिला नाही. म्हटलं, काढून टाका, फक्त कारण लिहून द्या. कारण लिहून द्यायला कोणी तयार झालं नाही, म्हणून मी अजून तिथंच आहे. दादा निवडून आले की पडले ते मी इथं सांगत नाही. त्यांनी कुठूनतरी दुसरे कॉम्प्युटर मिळवले एवढं खरं.

आपा मागच्या वर्षी गेली. हृदयाचं दुखणं होतं, पण स्वतःच्या आत काय बिघडलंय ते तिनं कुणाला उघडून पाहू दिलं नाही. रहीमभाईंबरोबर मी कब्रस्तानात गेलो. आठवड्यानं त्यांनी मला बोलावून घेतलं, तिच्या वह्या काढल्या, एकोणीस होत्या, आणि आम्ही दोघांनी त्या दुकानामागच्या अंगणात न उघडता जाळल्या. तसं ती सांगून गेली होती. रहीमभाई रडत रडत म्हणत होते, की इतक्या वर्षांत मलाही एक पान दाखवलं नाही हिनं. मला तिचा फार राग येतो कधीकधी, इतक्या लवकर गेली म्हणून. आता गल्लीत एक नवा दुकानदार बसतो. तो म्हणतो, टाकून जा, मी बघतो. मी त्याच्याशी दोनदा भांडलोय आणि पुन्हा भांडणार आहे.

त्या बैठकीच्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा मला वाटलं आपा शाबासकी देईल. तिनं विचारलं, "पोट्टीले माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. "मग इथं कायले उभा आहे? तू पेशंट होता हे आता गावभर होईन. तिले बाहेरून कळलं त मी तुयं तोंड नाही पाहणार." आणि रिक्षात बसून निघून गेली.

पूनम तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी कॉलेजवर गेलो, निरोप पाठवून तिला बाहेर बोलावलं. सायकल स्टँडच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसलो. तिचा पांढरा कोट अंगावरच होता. मी केंद्राचं सांगितलं, पेशंट होतो ते सांगितलं. ते तिला अंधुक माहीत होतं. मग घाटंजीच्या बाजाराचं सांगितलं. हात सुटला नव्हता, मी सोडला होता, असं म्हटलं, आणि जमिनीकडे पाहत राहिलो.

ती म्हणाली, "मला आठवते बाबा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बांगडीवाल्या मावशीनं मला आत बसवलं होतं. दोन केळी दिली होती. तुम्ही आले तेव्हा तुमच्या एकाच पायात चप्पल होती. तुम्ही म्हटलं, आईला सांगू नको."

पाच वर्षांची होती ती. मी विचारलं, इतकी वर्षं तू आईला काहून नाही सांगितलं? मलासुद्धा कधी बोलली नाहीस.

"ते तुमचं होतं ना," पूनम म्हणाली. "तुम्ही सांगायची वाट पाहून राह्यली होती मी."

मी रडलो, तिथंच, कॉलेजच्या पोरी येत-जात असताना. मला लाज वाटली नाही. थोड्या वेळानं तिनं आत जाऊन सुट्टी मागितली, कोट काढून पिशवीत घातला, आणि आम्ही दोघं स्कूटीवर घरी गेलो, तिच्या आईला सांगायला.